उत्तर नको, कागद दाखव

(अंबाजोगाईत तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलं आहे.)



मला बोलावताना सांगितलं होतं, दोन कविता वाच आणि खाली बस. कविता मी वाचणार नाही. कवितेला टाळ्या पडतात आणि माणसं चहा प्यायला जातात. आज मला शोधण्यावर बोलायचंय. म्हणजे मोबाइलच्या त्या चौकोनात आपण दिवसातनं पन्नास वेळा बोट घालतो त्यावर. इथं बसलेल्यांत एकही जण असा नसेल की ज्यानं आज सकाळपासून त्यात काही टाकलेलं नाही. पोलीस भरती कधी, शिष्यवृत्तीची शेवटची तारीख कुठली, जातपडताळणीला काय काय लागतं, मुंबईची रात्रीची गाडी किती वाजता. उत्तर येतं आणि आपण ते मानतो. कुणी दिलं, कुठून आणलं, आणताना मधे काय गाळलं, हे विचारत नाही. मास्तरला विचारतो, तलाठ्याला विचारतो, कंत्राटदाराला तर गचांडी धरून विचारतो. ह्याला मात्र विचारत नाही.

मी मॅट्रिक झालेला माणूस. मुंबईच्या गोदीत कंत्राटावर माल उचलतो. कॉम्प्युटरची पदवी माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे आहे ते पुण्यात नाहीतर अमेरिकेत बसलेत, आणि आपल्या भाषेत आपल्याशी बोलायची त्यांना फुरसत नाही, म्हणून मी बोलतोय. गोदीत एक गोष्ट अंगात भिनते. मालाबरोबर कागद असतो. कुठल्या बंदरातून आला, कुणाचा, आत काय, वजन किती. कागद नसेल तर लाखाचा माल धक्क्यावर कुजतो. मालाला कागद विचारायची ही सवय मला इथं तुमच्यापुढं ठेवायचीय.

गावात कागद कुणाकडे होता? कुळकर्ण्याच्या दप्तरात. शिवेचा तंटा झाला की बोलावणं यायचं महाराला. हद्द कुठून कुठं जाते, दगड कोणी हलवला, हे त्याला पाठ. त्याची साक्ष चालायची. पण साक्ष देणारा उन्हात उभा आणि लिहिणारा सावलीत बसलेला. काय लिहिलं ते त्याला वाचून दाखवावं असं कुणाला वाटलं नाही. आपल्या बीडात तर निजामाचं राज्य, कागद कधी मोडीत, कधी उर्दूत. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. दप्तराची चावी काही आपल्या हातात आली नाही.

आता सांगतात की दप्तर उघडलं. सगळ्या जगाचा कागद तुमच्या खिशात आहे, फक्त विचारा.

बरं, विचारू. पण आधी हे यंत्र चालतं कसं ते बघू. त्यात जादू नाही. शोधयंत्राचा एक प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतो, एका पानावरचा दुवा धरून दुसऱ्या पानावर, तिथून तिसऱ्यावर. त्याला क्रॉलर म्हणतात, म्हणजे सरपटणारा. जिथं दुवा जात नाही तिथं तो जात नाही. त्यानं आणलेल्या पानांची शब्दसूची होते, पुस्तकाच्या शेवटी असते तशी, कुठला शब्द कुठल्या पानावर. आणि मग प्रश्न येतो की लाख पानांवर तो शब्द असेल तर पहिलं पान कुठलं दाखवायचं. इथं १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन ह्या स्टॅनफर्डच्या दोन पोरांनी हिशेब मांडला: ज्या पानाकडे जास्त पानं बोट दाखवतात ते पान मोठं. दुवा म्हणजे मत. गूगल उभं राहिलं ते ह्या हिशेबावर.

हिशेबात एक खोच आहे. सगळ्या बोटांना सारखं वजन नाही. ज्याच्याकडे आधीच पुष्कळ बोटं वळलेली आहेत, त्याचं बोट वजनदार. ओळखीचं वाटतंय ना? पाटलानं मान हलवली की गाव मान हलवतं. पुढं ह्यात शेकडो गोष्टी मिसळल्या, पान किती ताजं, तुम्ही कुठं उभे आहात, आधी काय शोधलंत. पण वजनदाराकडे वजन जायची चाल राहिलीच.

आणि हा पाटील जवळजवळ एकटाच. ५ ऑगस्ट २०२४ ला अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की गूगलनं शोधाच्या धंद्यातली मक्तेदारी बेकायदा टिकवून धरली. फोन उघडला की आपलंच यंत्र आधीपासून बसलेलं असावं, ह्यासाठी गूगलनं एकट्या २०२१ सालात २६ अब्ज डॉलरच्या वर पैसे वाटल्याचं त्या खटल्यात बाहेर आलं. आपल्याकडेही स्पर्धा आयोगानं फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधाच्या निकालात पक्षपात केल्याबद्दल त्याला १३५.८६ कोटींचा दंड ठोकला होता. एवढे पैसे कशाला मोजतात? तुमचा अंगठा पहिल्यांदा जिथं पडतो त्या जागेला.

आता आपण त्यात कुठं आहोत ते बघा. साधं गावाचं नाव घ्या. मराठीत बीड. इंग्रजीत कुणी बी डबल ई डी लिहितो, कुणी बी आय डी, आणि निजामाच्या काळातल्या कागदांत भीर. तीन नावांनी तीन ढिगारे, आणि एका ढिगाऱ्यातला माणूस दुसऱ्यात सापडेलच असं नाही. बीड म्हणजे ओतीव लोखंडसुद्धा, त्यामुळं जिल्हा शोधायला जावं आणि मधे बिडाचा तवा विकणारा उभा राहतो. हसू नका, पुढचं हसण्यासारखं नाही. ऊसतोड कुणी दीर्घ ऊ काढून लिहितो, कुणी ऱ्हस्व, कुणी रोमन अक्षरांत. सरकारी कागदात तोच माणूस ऊसतोडणी कामगार होतो. शुद्धलेखनाच्या गुणांसाठी आपल्याला शाळेत छड्या बसल्या, आता तीच छडी यंत्राच्या हातात आहे.

त्याच्याही खाली एक भोक आहे. नव्वदच्या दशकापासून मराठी छपाई कॉम्प्युटरवर आली, पण ती युनिकोडमध्ये नव्हती. निरनिराळ्या कंपन्यांचे फॉन्ट होते. पडद्यावर क दिसायचा, पण आत साठवलेलं असायचं एखादं इंग्रजी अक्षर नाहीतर चिन्ह. माणसाला मराठी दिसतं, यंत्राला कचरा. अशा फॉन्टात केलेला कागद नेटवर चढवला तरी शब्द टाकून तो हाती लागत नाही. आणि जो कागद स्कॅन करून चढवला तो तर नुसता फोटो. अलीकडे फोटोतली अक्षरं वाचणारी साधनं आलीत, देवनागरीही वाचतात, पण पुसट शाईवर अडखळतात. आणि आपल्या चळवळीचा सगळा मजकूर पुसट शाईतच आहे की! सायक्लोस्टाइल पत्रकं, चार अंकांत बंद पडलेली अनियतकालिकं, एका रात्रीत छापून भिंतीवर डकवलेलं सगळं. ते वडाळ्याच्या, वरळीच्या, औरंगाबादच्या ट्रंकांत वाळवी खातेय. यंत्राच्या लेखी ते लिहिलंच गेलेलं नाही.

आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण. एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियान उभं केलं, भूमिहीनांच्या ताब्यातल्या गायरानासाठी आयुष्य घातलं. २०१५ साली ते गेले. ‘जग बदल घालुनी घाव’ हे त्यांचं आत्मकथन. २०१८ साली जेरी पिंटोंनी ते इंग्रजीत नेलं आणि मग इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्यावर लिहिलं. चांगलं झालं. पण बीडच्या माणसानं बीडच्या भाषेत सांगितलेली गोष्ट जगाला दिसायला दिल्लीच्या दुकानातून फिरून यावी लागते.

हे सगळं झालं जुनं यंत्र. जुनं यंत्र निदान यादी द्यायचं. दहा पानांची नावं, बघ बाबा तुझं तू. आता नवीन आलंय ते यादी देत नाही, थेट उत्तर देतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, जून २०२४ मध्ये गूगलचं जेमिनाय भारतात नऊ देशी भाषांत आलं, त्यात मराठी होती, आणि ऑगस्ट २०२४ पासून गूगलच्या शोधातही सगळ्यात वर आयता परिच्छेद यायला लागला, आपल्याकडे पहिल्यांदा इंग्रजीत आणि हिंदीत. आता माणूस वरचं वाचतो आणि थांबतो. खालची पानं कोण उघडतो?

गोदीत हे होऊन गेलंय. पूर्वी गोणी यायची, पेटी यायची. हमालाच्या पाठीला कळायचं आत काय आहे. मिरची आहे, गंधक आहे, साखर आहे. गोण फाटली की दिसायचं. मग कंटेनर आला. बाहेर चार अक्षरं आणि सात आकडे, शेवटचा आकडा आधीचे बरोबर आहेत का हे तपासायचा. मोजणारा नंबर वाचतो आणि पुढं जातो. आतलं कुणी बघत नाही. वेग वाढला, हजारोंचं काम गेलं, आणि माल डोळ्याआड झाला. हे आयतं उत्तर तसलाच कंटेनर आहे, फरक एवढाच की ह्याच्यावर कधीकधी नंबरही नसतो.

आत काय होतं? हे यंत्र अफाट मजकूर चघळून शिकलेलं असतं की कुठल्या शब्दामागं कुठला शब्द येतो. तुम्ही विचारलं की काही पानं खेचून आणतं आणि त्यांच्यावरून गुळगुळीत वाक्यं जुळवतं. खरं खोटं त्याला ठाऊक नसतं, जुळणं ठाऊक असतं. मे २०२४ मध्ये अमेरिकेत गूगलच्या ह्या उत्तरानं पिझ्झावरचं चीज घसरू नये म्हणून गोंद मिसळा असा सल्ला दिला. कुणीतरी कधीकाळी केलेली थट्टा उचलून आणली होती. जग हसलं. गोंदाची चूक पकडायला सोपी, कारण गोंद खात नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. गायरानाचं काय?

आता इथं जरा थांबतो, कारण माझं खरं बोलणं इथं आहे.

मी एका यंत्राला विचारलं, नाव सांगत नाही, सगळी एका वळणाची. विचारलं: गायरान जमिनीवरचं अतिक्रमण नियमित होतं का? क्षणात उत्तर. होत नाही, सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली मनाई केली आहे, राज्य सरकारनेही तसे आदेश दिले आहेत. भाषा अशी शुद्ध की तहसीलदारानं मान खाली घालावी. केज तालुक्यातला एखादा पोरगा, ज्याच्या बापानं तीस-पस्तीस वर्षं खडक फोडून दोन एकर गायरान पिकवलंय, तो हे वाचेल आणि घरी जाऊन सांगेल, आबा, सोडा नाद, सुप्रीम कोर्टानंच नाही म्हटलंय.

आता कागद बघा. निकाल आहे जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य, २८ जानेवारी २०११. पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावच्या तळ्याची जागा काही लोकांनी बळकावली होती. न्यायालयानं सांगितलं की गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा, सगळ्या राज्यांनी योजना करा. हे खरं. पण त्याच निकालाच्या शेवटी लिहिलंय की नियमित करणं फक्त अपवाद म्हणून चालेल, जसं सरकारी अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिलेला असेल, किंवा त्या जागेवर आधीच शाळा, दवाखाना असेल. आणि महाराष्ट्राचा २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे. भूमिहीन मागासवर्गीयांनी १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० ह्या काळात शेतीसाठी केलेली अतिक्रमणं नियमित करण्याबद्दलचा. मग १२ जुलै २०११ चा शासन निर्णय आला, त्यानं गायरान देण्यावर बंधनं घातली. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून गायरानाचा विषय हातात घेतला आणि राज्यभर नोटिसा सुटल्या. हे चारही कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचायचे असतात. त्यात तुमचा दावा टिकेल की नाही हे वकिलानं बघायचं, मी टिकेल असं म्हणत नाही. पण दावा मांडायलाच जागा नाही, हे त्या उत्तरानं सांगितलं, आणि ते कागदात नाही.

यंत्रानं खोटं सांगितलं का? नाही रे. थोडक्यात सांगितलं. आणि थोडक्यात सांगताना पहिली कुऱ्हाड पडते ती अपवादावर. नियम ठेवतात, अपवाद छाटतात. दोस्तांनो, आपण अपवादात राहतो! ह्या देशातल्या कायद्यात भूमिहीनाची, मागासवर्गीयाची जी काही जागा आहे ती ‘परंतु’ ह्या शब्दाच्या पुढं आहे. जे यंत्र ‘परंतु’च्या आधी थांबतं ते आपल्या घराच्या दारापर्यंत येतच नाही.

त्यावर कुणी म्हणेल, मग नीट विचार, परत विचार, खोलात विचार. मी विचारलं. अपवाद आहे का असं विचारल्यावर सांगितलं, हो आहे. म्हणजे ज्याला अपवाद आहे हे आधीच माहीत आहे त्यालाच तो मिळतो. वकिलाच्या पोराला मिळेल. केजच्या पोराला नाही.

आणि दाव्याचा पुरावा कुठं असतो? गाव नमुना एक-ई मध्ये. ती अतिक्रमणांची नोंदवही. कुणी, किती, कुठल्या गटात, कधीपासून. भूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा मिळतो, आठ-अ मिळतो, मालमत्ता पत्रक मिळतं. एक-ई साठी मात्र तलाठ्याच्या दारात जावं लागतं, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. नाव बदललं, कपाट तेच. म्हणजे ज्याच्याकडे जमीन आहे त्याचा कागद ऑनलाइन, आणि ज्याच्याकडे नुसता ताबा आहे त्याचा कागद कपाटात.

करायचं म्हटलं तर होतं बरं का. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, मराठवाड्यातल्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला. मोडी वाचणारे बसवले, उर्दू वाचणारे बसवले, दप्तरं धुंडाळली, आणि सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवल्या. ज्यांच्या आजोबाचं नाव सापडलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात काडीचा राग नाही, कागद सापडावा असंच मी म्हणतोय. पण ह्यावरून एक सिद्ध झालं की निजामाच्या काळातला मोडी कागदसुद्धा सरकारला शोधता येतो. मग १९९० चा मराठी एक-ई का नाही? रस्त्यावर माणसं उतरली की सरकारचं शोधयंत्र चालू होतं, एवढाच त्याचा अर्थ.

आता दुसरी गोष्ट. आकड्यांची.

२०१९ साली आपल्या जिल्ह्याचं नाव जगभर गेलं, ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांनी. त्या वर्षी जूनमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत अशी ४,६०५ ऑपरेशनं झाली. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. त्या वेळच्या पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायकांना विचारलं, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. शंभरात जवळजवळ सतरा.

हे दोन आकडे भांडत नाहीत. पहिला आकडा दवाखान्यांच्या वहीतला आहे, तीन वर्षांचा, आणि त्यात सगळ्या बायका आल्या, तोडायला जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या. दुसरा बायकांच्या तोंडून आलेला आहे, आयुष्यभराचा, फक्त तोडणाऱ्यांचा. एकात ऑपरेशनं मोजली, दुसऱ्यात माणसं. यंत्राला विचारा, ते कधी एक देईल, कधी दुसरा, कधी दोन्ही एका वाक्यात कोंबेल, आणि काय मोजलं ते खाऊन टाकेल. मग कुणी ४,६०५ घेऊन म्हणतो फार काही नाही, कुणी १३,८६१ घेऊन म्हणतो तीन वर्षांत एवढी. दोघंही खोटे पडतात, आणि आपली बाई कुणाच्याच हिशेबात खरी पडत नाही.

आणि तिची मोजणी इतकी अवघड का? कारण मुकादमाच्या वहीत ती नाहीच. तिथं कोयता असतो. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. उचल कोयत्यावर, नाव नवऱ्याचं. बाई एकटी गेली तर ती अर्धा कोयता. माझी आई पंधरा-वीस हंगाम तोडायला गेली, कर्नाटकापर्यंत. मोळ्या वाहिल्या, गाड्या भरल्या, आजारी पडली तर खाड्याचे पैसे कापून घेतले. एकाही वहीत तिचं नाव नाही. ह्याच खाड्याच्या भीतीनं बायका पिशवी काढून टाकायला तयार होतात, आणि कॅन्सर होईल अशी भीती घालणारा दवाखाना वाटेत असतोच. शिकवायला यंत्राला कितीही मजकूर द्या, ज्या वहीत ती लिहिलीच गेली नाही त्या वहीतून ते तिला कसं काढणार?

बीड म्हटलं की यंत्र काय दाखवतं तेही बघत जा. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचाचा खून झाला, आणि नंतर कित्येक महिने बीड म्हणजे खंडणी, पिस्तूल, टोळी. ते झालं, भयंकर झालं, लपवायचं कारण नाही. पण सहा महिने घर सोडून फडावर राहणाऱ्या लाखो माणसांचा जिल्हा एका पिस्तुलाच्या फोटोमागं गेला.

तर मग फेकून द्यायचं का हे यंत्र? आमच्यातले काही जुने कार्यकर्ते तसं म्हणतात. मला पटत नाही. बाबासाहेब ग्रंथालयात तासनतास बसले, आपल्याला तालुक्याला धड ग्रंथालय नाही. ज्या पोराकडे पुस्तकाला पैसे नाहीत त्याला हे यंत्र रात्री दोन वाजता इंग्रजी निकाल मराठीत समजावून सांगतं. ज्या बाईला वाचता येत नाही ती बोलून विचारू शकते, आणि ते बोलून उत्तर देतं. हे लहान नाही. कुळकर्णी रात्री दोनला दार उघडत नव्हता, दिवसासुद्धा उघडत नव्हता. माझं म्हणणं एवढंच, की त्याला हमालासारखं वापरा. कागद उचलून आण म्हणावं. कागदात काय आहे ते आपण वाचू.

म्हणजे असं. योजनेचं विचारलं तर पैसे किती हे विचारू नका, शासन निर्णयाचा सांकेतांक विचारा. सरकारचे निर्णय त्यांच्या संकेतस्थळावर आहेत, विभाग आणि तारीख टाकून सापडतात, आणि तिथल्या प्रत्येकावर लांबलचक आकडी सांकेतांक असतो. यंत्रानं दिलेला सांकेतांक तिथं टाकून बघा. नसला तर समजा थाप मारली. सापडला तर उघडा, वरची तारीख बघा, आणि तो निर्णय नंतर बदलला का ते बघा, कारण यंत्र जुनी तारीख मिटवून बोलतं. ऊसतोड मुलांच्या संत भगवानबाबा वसतिगृहांचं असंच एकानं विचारलं आणि भलत्याच योजनेच्या अटी घेऊन समाजकल्याणला गेला, हेलपाटा पडला. न्यायालयाचे निकाल इंडियन कानूनवर २००८ पासून फुकट शोधता येतात. तिथं जगपाल सिंग अख्खा आहे, शेवटचे परिच्छेद वाचा. पान काढून टाकलं असेल तर वेबॅक मशीनवर त्याची जुनी प्रत असू शकते, गूगलनं स्वतःच्या साठवलेल्या प्रती दाखवणं २०२४ मध्ये बंद केलंय. मराठीत विचारा, मग तोच प्रश्न इंग्रजीत विचारा. दोन उत्तरांत जिथं फरक पडेल तिथं काहीतरी गाळलंय असं धरा. आणि यंत्राला शेवटी एकच प्रश्न: ह्याला अपवाद काय? आज इथून जाताना एवढे तीन शब्द नेलेत तरी पुरे.

आणि लिहायचं. कविता खूप झाल्या, मीही करतो, करत राहणार. पण कोण कुठल्या तारखेला कुठल्या गावात काय बोलला, नोटीस कुणाला आली, किती एकर, कुठला गट, हेही लिहायचं, आणि युनिकोडमध्ये टाइप करायचं, फोटो काढून समूहावर टाकलं म्हणजे झालं नाही. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेत आठ कोटींच्या वर, आणि लेख लाखभराच्या घरात. इंग्रजीत सत्तर लाखांवर. आपल्या तालुक्यातल्या गावांची पानं उघडून बघा, दोन ओळींत गाव संपतं. त्या दोन ओळीच उद्या यंत्र चघळणार. तिसरी ओळ घालायला कुणाची परवानगी लागत नाही, छापील पुरावा लागतो, म्हणून हे मासिकही छापतच राहायचं. शिवाय ३० ऑक्टोबर २०२३ आठवा. माजलगावात आणि बीडमध्ये जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, आणि इंटरनेट बंद केलं. त्या दिवशी तुमचा सगळ्या जगाचा कागद कुठं होता? एका आदेशात गेला. घरातली ट्रंक बंद करता येत नाही त्यांना.

एवढं बोलून मी कामाचं सांगतो. येत्या रविवारी आपण इथंच बसणार आहोत. ज्यांच्या घरी गायरानाचा ताबा आहे त्यांनी १९९० च्या आधीचं जे काही असेल ते आणा. अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्या, नोटिसा, पीकपाहणीचे उतारे, काहीही. एक-ई चा उतारा मागण्यासाठी अर्जाचा नमुना मी टाइप करून आणतो, आणि दिला नाही तर माहितीच्या अधिकाराचा दुसरा. ज्यांच्याकडे बरा फोन आहे त्यांनी आणा, उजेडात फोटो काढू आणि तिथंच टाइप करू. पावतीच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढायचा. शिक्का कधीकधी मागच्या बाजूला असतो.